मुशाफिरीची पोथी

घाटाच्या वाटेला अजून पायऱ्याही नव्हत्या, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी विणकरांचं एक गाव होतं. उन्हाळ्यात हात घामेजून सूत तुटायचं, म्हणून तिथले लोक माग पंधरा दिवस बंद ठेवत. त्या पंधरा दिवसांत सारं गाव दुपारभर उंबराखाली बसून एक खेळ खेळत असे. त्या खेळाचं नाव मुशाफिरी.

खेळ मोठा गमतीचा होता. पाच-सहा जण गोल करून बसत. कुणी राजपुत्र होई, कुणी वैद्य, कुणी चोर, कुणी तिरंदाज. मधोमध बसलेला खेळकरी म्हणे, "तुम्ही चालत चालत एका नदीशी आलात. पाणी चढलंय. नाव नाही. आता काय करणार?" मग प्रत्येकानं आपण काय करणार ते सांगायचं आणि कवड्या फेकायच्या. कवड्या उताण्या पडल्या तर बेत साधला, पालथ्या पडल्या तर फसला. बसल्या जागी माणूस सात मुलखांची वाट चालून येई.

हैबतबाबा गावाचे खेळकरी होते. त्यांच्यापाशी एक जुनी पोथी होती. वाटेत कोणती वनं लागतात, कोणते प्राणी आणि कोणती माणसं भेटतात, ते सारं त्यांच्या पणजोबांनी तीत लिहून ठेवलं होतं. हैबतबाबांनी पणजोबांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचं अक्षर ते ओळखत होते. लहानपणी त्या अक्षरावरून बोट फिरवतच ते वाचायला शिकले होते.

पोथीत एक पान कपारी लोकांचं होतं. डोंगराच्या वरच्या अंगाला, कड्यांच्या कपारींत राहणारे ते कपारी. पानावर लिहिलं होतं, 'कपारी कच्चे मांस खातो. त्यास भाषा नाही, दया नाही. कपारी दिसता आधी वार करावा, मग विचार.' खेळात कपारी आला की गाव एका सुरात ओरडायचं, "आधी वार, मग विचार!" पोरंबाळं टाळ्या पिटायची. त्यात काही वावगं आहे असं कुणाला कधी वाटलं नव्हतं, कारण गावात कपारी माणूसच नव्हता.

मग एका वर्षी वरचे झरे आटले आणि काजळी नावाची एक कपारी बाई आपल्या लेकीला घेऊन खाली उतरली. मध आणि झाडांवरची लाख गोळा करून ती गावात देई आणि गावाच्या टोकाला खोप बांधून राही. तिच्या लेकीचं नाव सोनकी. नऊ वर्षांची होती. हैबतबाबांची नात गोजरी तिच्याच वयाची. दोघींची गट्टी जमायला एक पेरू पुरला.

उन्हाळा आला. माग थांबले. गोजरीनं सोनकीला हाताला धरून उंबराखाली आणलं. "आजोबा, ही पण खेळणार."

"खेळू दे की," हैबतबाबा म्हणाले.

सोनकीला तिरंदाज व्हायचं होतं. दोन दिवस ती अशी रंगली की जेवायला उठेना. वाघाला चकवलं, पूर ओलांडला, राजपुत्राला दलदलीतून ओढून काढलं. तिसऱ्या दुपारी हैबतबाबा नेहमीच्या सुरात म्हणाले, "पुढे एक गुहा. गुहेच्या तोंडाशी कपारी उभा!"

गाव ओरडलं. पाळी सोनकीची होती.

तिनं हातातल्या कवड्यांकडे पाहिलं. "तो काय करतोय?" तिनं विचारलं.

"काही नाही. उभा आहे."

"मग मी त्याला मारू कशाला?"

"अगं, कपारी आहे तो!" कुणीतरी हसत म्हणालं. ही पोर कोण आहे याचा सगळ्यांनाच विसर पडला होता. खरं तर तेच जास्त वाईट होतं.

सोनकीनं कवड्या हळूच खाली ठेवल्या, अगदी आवाज न करता, आणि ती घरी निघून गेली. गोजरी तिच्यामागे धावणार होती, पण खेळ चालू होता. हैबतबाबांनी पान उलटलं. सोनकी गेली त्या वाटेकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण ते पुढे वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरून एक म्हातारा उतरला. भिंगू त्याचं नाव, काजळीचा बाप. लेकीला भेटायला आला होता. पाठीवर कंदमुळांची पाटी, अंगावर घोंगडी. ओढ्यावर तो पाणी प्यायला वाकला. पलीकडे गावची पोरं खेळत होती. त्यांना तो दिसला. कुणीतरी ओरडलं, "कपारी!" आणि पहिला दगड गेला.

तो दगड गोजरीनं मारला होता. म्हाताऱ्याचं कपाळ फुटलं.

मोठी माणसं धावली तेव्हा म्हातारा ओढ्यात बसला होता आणि खोपीतून धावत आलेली सोनकी त्याचं डोकं धरून रडत होती. "आजा, आजा," एवढंच ती म्हणत होती. गोजरी तिच्याकडे बघत जागच्या जागी थिजली.

हैबतबाबांनी नातीचा दंड धरला. "हे काय केलंस तू?"

गोजरी हुंदके देत म्हणाली, "पोथीतच आहे ना आजोबा? तुम्हीच तर वाचता. आधी वार..."

हैबतबाबांनी तिचा दंड सोडला. नातीच्या तोंडून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला होता.

गाव उंबराखाली जमलं. कुणी म्हणालं, "पोथी जाळून टाका." कुणी म्हणालं, "पोरांनी आगळीक केली, त्यात पोथीचा काय दोष? खेळ तो खेळ." हैबतबाबांनी पोथी काखेत घेतली, वाटीत हळद घेतली, नातीला सोबत घेतलं आणि ते काजळीच्या खोपीकडे निघाले.

काजळी दारातच उभी होती. "आत या असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली.

"बरोबर आहे तुझं," हैबतबाबा म्हणाले आणि बाहेर उन्हात उभे राहिले.

आतून म्हातारा म्हणाला, "येऊ दे गं. म्हातारा माणूस आहे, ऊन लागेल त्याला."

ते आत गेले. भिंगूच्या कपाळाला पाला बांधला होता. त्यानं पोथीकडे पाहिलं. "आमच्याबद्दल लिहिलंय म्हणतात ते हेच का? वाचा बघू."

"नको. मला वाचवणार नाही."

"गावासमोर वाचता, मग माझ्यासमोर का नाही?"

हैबतबाबांनी खाली मान घालून वाचायला सुरुवात केली. 'कपारी कच्चे मांस खातो.' भिंगूनं तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता. "कच्चं कुठलं हो? मला भातसुद्धा कालवून लागतो." तो हसला. सोनकीलाही मधेच हसू फुटलं.

'त्यास भाषा नाही,' हैबतबाबांनी वाचलं.

आता म्हातारा हसला नाही. तो काजळीकडे वळून आपल्या बोलीत काही बोलला. काजळीनं पदरानं डोळे पुसले आणि ती मडक्याशी गेली.

"काय म्हणाले ते?" हैबतबाबांनी विचारलं.

"म्हणाला, ह्या माणसाला पाणी दे, त्याचा घसा कोरडा पडलाय."

हैबतबाबांच्या हातात पाण्याचा गडू आला, पण त्यांना पाणी पिता येईना. त्यांचे डोळे पुन्हा त्याच पानावर गेले. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक शब्द होता, 'ऐकिले'. त्यांनी घाईघाईनं मागची पानं उलटली. वाघाच्या पानाखाली होतं 'पाहिले'. नदीच्या पानाखाली 'पाहिले'. आणि कपारींच्या पानाखाली 'ऐकिले'. पणजोबा घाट चढून कधी वर गेलेच नव्हते. त्यांनी दुसऱ्याची भीती ऐकली आणि वळणदार अक्षरात उतरवून घेतली. तळाचा तो शब्द मोठ्यानं वाचायची पद्धत नव्हती, म्हणून तीन पिढ्या कुणी तो वाचला नाही.

हैबतबाबांनी ते पान दोन बोटांत धरलं. फाडणार, तोच काजळी म्हणाली, "फाडू नका."

"का गं? तुमचा एवढा अपमान आहे ह्यात."

"म्हणूनच. आज फाडाल, आणि उद्या तुमची नातवंडं म्हणतील, असं काही कधी नव्हतंच. माझ्या बापाचं कपाळ मग कशानं फुटलं, ते कोण सांगेल?"

गोजरी इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि भिंगूच्या पायाशी बसली. म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. सोनकीनं मात्र तोंड फिरवलं. त्यात तिचं काही चुकलं नाही. माफी मागणाऱ्यानं लगेच मागावी, पण देणाऱ्याला वेळ द्यावा. जखम भरेपर्यंत गोजरी रोज सकाळी ओढ्याचं पाणी त्या खोपीत नेऊन ठेवत राहिली. बाराव्या दिवशी सोनकी म्हणाली, "घागर अर्धीच भरत जा, सांडतेस तू." त्यानंतर दोघी मिळून पाण्याला जाऊ लागल्या.

त्या उन्हाळ्यात मुशाफिरी पुढे झाली नाही. भिंगू बरा झाल्यावर हैबतबाबा त्याच्याबरोबर घाट चढून वर गेले. वय झालं होतं, दर वळणाला बसावं लागे. कपारींच्या वस्तीत ते महिनाभर राहिले. कड्यावरून मध कसा काढतात, मेलेल्या माणसाच्या नावानं झाड कसं लावतात, ते त्यांनी पाहिलं. तिथे एक चहाडखोर माणूस होता आणि एक भांडकुदळ बाई होती. दोन भाऊ बांधाच्या भांडणापायी एकमेकांशी बोलत नव्हते. बाकीची माणसं बरी होती. हैबतबाबांना वाटलं, हे तर थेट आपल्याच गावासारखं आहे.

पुढल्या उन्हाळ्यात माग थांबले आणि गाव उंबराखाली जमलं. कपारींची चार पोरंही भिंगूबरोबर घाट उतरून आली होती. हैबतबाबांनी पोथी उघडली. जुनं पान जागच्या जागी होतं. त्याच्या शेजारी नवं पान शिवलेलं होतं. ते त्यांनी सावकाश वाचलं.

"मागचे पान माझ्या पणजोबांनी न पाहता, भीतीपोटी लिहिले. मी ते चाळीस वर्षे वाचले, तो दोष माझा. त्या पानामुळे भिंगू नावाच्या एका भल्या माणसाचे कपाळ फुटले. ते पान पाहायचे असेल त्याने माझ्याजवळ बसून पाहावे, पण त्यावरून कुणी खेळू नये. ह्यापुढे खेळात कुणी जन्माने दुष्ट असणार नाही. जो दुष्ट वागेल, तोच दुष्ट."

एक म्हातारा विणकर कुरकुरला, "मग खेळात रंगत ती काय राहणार? लढायचं कुणाशी?"

हैबतबाबा सोनकीकडे वळले. "पोरी, पहिली निवड तुझी. तू कोण होणार?"

गाव कौतुकानं तिच्याकडे पाहत होतं. सगळ्यांना वाटलं, ही आता शूर कपारी कन्या होणार, सर्वांना वाचवणारी, गुणाची. सोनकीचे डोळे लुकलुकले.

"मी तुमच्या विणकर राजाचा लबाड प्रधान होणार," ती म्हणाली. "आणि सगळ्यांना फसवणार!"

गोजरी खळखळून हसली, भिंगू हसला, आणि उंबराखालचं सारं गाव हसू लागलं. तो कुरकुरणारा विणकरही सरकून पुढे येऊन बसला. त्या पंधरा दिवसांत सोनकीच्या प्रधानानं राजाला असं काही नाचवलं की इतका रंगलेला खेळ गावानं त्याआधी कधी पाहिला नव्हता. दरवर्षी वरून येणाऱ्या पोरांची संख्या वाढत गेली. येताना ती आपल्याकडच्या गोष्टी घेऊन येत, आणि हैबतबाबा पोथीला नवी पानं शिवत.

तात्पर्य: पूर्वजांवर माया करावी, पण त्यांची भीती वारशात घेऊ नये.