शिकलगार आळीतलं काळं पान

भाळवड्याच्या शिकलगार आळीत आलात, तर कुठल्याही घरातला अडकित्ता हातात घेऊन बघा. काळ्या लोखंडावर चांदीची वेल दिसेल. पानं सगळी लखलखीत, पण टोकाचं एक पान काळं. त्यावर नुसते चरे आहेत, चांदी नाही. पाहुणे विचारतात, उडाली का? उडालेली नाही. बसवलेलीच नाही. बसा, सांगतो. घाई असेल तर पुन्हा कधी या.

सरकारनं हत्यारं जमा करून मोडली, त्यानंतरची ही गोष्ट, असं आमची म्हातारी माणसं सांगत. तलवारीच्या मुठीवर चांदी चढवणारे हात विळ्याखुरप्यांना धार लावू लागले. बरीच वर्षं तशीच गेली. मग म्हणे एक गोरा साहेब आला. कुठंतरी मोठं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी त्याला हे जुनं काम हवं होतं. एक पानाचा डबा करून दाखवा, पसंत पडला तर आळीभर काम देतो, म्हणाला.

दस्तगीर चाचा आळीत वडील. ते म्हणाले, "तलवारी यांनीच मोडल्या, आता लोखंडावर चांदी बघायची हौसही यांनाच. उद्या म्हणतील, कोंबड्याच्या तुऱ्यावर बसवा."

पण ते काम येणारा आळीत एकटा मीरन उरला होता. त्याची रांगती लेक, हुरमत, त्याच थंडीत देवीच्या साथीत गेली होती. मीरन भात्यापुढं बसायचा, विस्तव करायचा नाही. रडायचाही नाही. वाढलं की जेवायचा.

चाचा त्याच्याकडं गेले. "मीरन, आळी तुझ्या हाताकडं बघतीय."

"चांदी कुठाय, चाचा?" तेवढंच तो बोलला.

चांदी कुणाच्याच घरात नव्हती. मीरनची बायको जैनब आत गेली आणि लेकीचे चांदीचे वाळे आणून तिनं ऐरणीवर ठेवले. मीरननं ते वितळवले, तार ओढली. लोखंडावर सुरीनं बारीक चरे मारायचे, वर तार धरून हलकी हातोडी मारायची. चरे चांदीला धरून ठेवतात. हात आपले चालत होते, मीरन कुठं होता कोण जाणे.

वेल भरत आली आणि शेवटच्या पानाला तार संपली. वाळ्याचं एक घुंगरू हुरमतनं रांगताना आळीत कुठंतरी पाडलं होतं. तेवढीच चांदी कमी पडली. सगळ्या आळीनं केर चाळला. घुंगरू मिळालं नाही.

चाचा म्हणाले, "सोनाराकडून चिमूटभर उसनी आणतो. असा डबा बघून साहेब उलट्या पावली गेला, तर बसू जन्मभर खुरपी घासत."

"आणू नका," मीरन म्हणाला. "घुंगरू मिळालं की भरीन."

"आणि नाही मिळालं तर?"

उत्तर जैनबनं दिलं. "राहू दे तसंच. चांदी बसली की कोण हात लावतंय? उघड्या लोखंडाला गंज धरतो, तेल लावावं लागतं. तेवढा तरी हात फिरंल."

चाचा मग सोनाराकडं गेले नाहीत.

साहेबानं डबा फिरवून फिरवून पाहिला. काळ्या पानावर बोट ठेवून कारकुनाला काही विचारलं.

"साहेब विचारतात, तुमच्यात असंच करतात का?" कारकून म्हणाला.

चाचांनी मीरनकडं पाहिलं.

"हो," मीरन म्हणाला.

साहेब डबा घेऊन गेला. पुढच्या सालाला काम आलं, बरोबर डब्याचं चित्र आलं. खाली लिहिलं होतं, "हुबेहूब असेच करावे." चित्रातही ते पान काळंच होतं. आळीतले विझलेले भाते पेटले. मीरननं घरोघरी जाऊन वेल शिकवली, आणि प्रत्येकानं एक पान सोडलं, डब्यावर आणि मग घरच्या अडकित्त्यावरही. का सोडायचं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. तो पहिला डबा समुद्रापार कुठं असेल, त्या पानाला तेल कोण लावत असेल, आम्हाला माहीत नाही.

आजही आळीत येताजाता माणसं अडकित्त्याच्या काळ्या पानावर तेलाचं बोट फिरवतात. बायका झाडून झालं की केर लगेच टाकत नाहीत, आधी बोटांनी पसरून बघतात. घुंगरू मिळालं तर पान भरायचं, असं ठरलेलं आहे. अजून मिळालेलं नाही.