तीनशे वॅटची व्हॅन

"मग अजून किती वॅट लावू, उस्ताद?"

रेवणसिद्धच्या बोलण्यात प्रश्न कमी आणि हट्टच जास्त होता.

सोलापुरात दस्तगीर उस्तादांच्या गॅरेजात गाड्यांना साउंड सिस्टीम बसवायचं काम शिकत त्याला सहा वर्षं झाली होती. तिथला रिवाज असा, की ज्या शिष्याची गाडी आवाज मोजायच्या मीटरवर उस्तादांच्या जुन्या व्हॅनला हरवेल, त्याला उस्ताद आपली पितळी मुठीची पक्कड देत. पक्कड हातात आली की स्वतःचं दुकान टाकायला मोकळा. रेवणने तर दुकानाची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. बाजारात तुरी, ही गत.

व्हॅनचा ॲम्प्लिफायर तीनशे वॅटचा. रेवणचा दोन हजारांचा. त्यात त्याने वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, उलटा बसवला होता; आतला भलाथोरला मॅग्नेट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून.

व्हॅन एकशे चौतीस डेसिबलवर थांबली.

रेवणची गाडी एकशे बत्तीसवर.

त्याने आवाज वाढवला. एकशे एकतीस. आणखी वाढवला. एकशे तीस...

रेवणने मीटरवर टिचकी मारली.

"मीटर बिघडलाय," तो म्हणाला.

"असंल की." उस्तादांनी तोच मीटर पुन्हा व्हॅनमध्ये ठेवला. एकशे चौतीस.

"व्हॅनमध्ये लपवलंय तरी काय तुम्ही?"

उस्तादांनी मागचं दार उघडलं. आत एक मोठं लाकडी खोकं होतं आणि त्यात कागदी पडद्याचा जुनापुराणा वूफर. खोक्याला हात जाईल एवढं भोक होतं.

"भोकातनं हात घाल. मॅग्नेट लागंल."

रेवणने हात घातला.

"गार आहे."

"आता तुझा बघ."

रेवणने आपल्या वूफरच्या मॅग्नेटवर तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. मग तिथेच उभा राहून तो तळहाताकडे बघत राहिला. त्याला राग आला होता, पण नेमका कुणाचा, ते त्याला कळेना.

"पेठेतला सगळ्यात जड वूफर आहे हा, उस्ताद. बॅटरी वेगळी लावलीय त्याला."

"खायला काळ अन् भुईला भार," उस्ताद म्हणाले.

"उद्या चार हजार वॅट लावतो. दुप्पट! मग बघा."

"लाव की. वूफर तापला-जळला न्हाई, तर फार तर तीन डेसिबल वाढतील."

"दुप्पट करून तीनच?"

उस्तादांनी मान डोलावली.

...

"मग माझे दोन हजार वॅट जातात तरी कुठं?"

 या सगळ्या गडबडीत उस्तादांच्या चहाचा ग्लास स्टुलावर निवून गेला होता. तो त्यांनी उचलला, रेवणच्या मॅग्नेटवर ठेवला आणि शांतपणे बाकड्यावर बसले.

रेवणही बसला.

...

बऱ्याच वेळाने उस्तादांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि समाधानाने मिशी पुसली.

रेवण बाकड्यावरून उठला. "आणि... पक्कड?"

उस्तादांनी ग्लास त्याच्या हातात दिला. चहा चांगला ऊन झाला होता.

"पाटी रंगवलीस म्हणं," ते म्हणाले. "तिच्यावर एक कपबशी काढून घे."