भिवराची माची

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की ती घडली तेव्हा तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही मिसरूड फुटलेलं नव्हतं. एका राज्यात बाजारपेठेचं एक गाव होतं आणि त्या गावात कापडाचं एक भलंमोठं दुकान होतं. आसपास कुठे लग्न ठरलं, बारसं निघालं, की माणसं आधी या दुकानाची पायरी चढत आणि मग आचाऱ्याला सांगायला जात.

त्या दुकानात भिवरा नावाची बाई लुगडी दाखवायच्या कामाला होती. गिऱ्हाईक दारात दिसलं की ती हसून "या, बसा" म्हणायची, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची, आणि लुगड्याचा पदर स्वतःच्या खांद्यावर घेऊन गिऱ्हाइकासमोर उभी राहायची. हा त्या दुकानाचा रिवाजच होता. कापड नुसतं पसरायचं नाही, अंगावर घेऊन दाखवायचं. दुकानातला झुपकेदार मिशांचा हरबासुद्धा बिनदिक्कत पदर खांद्यावर टाकायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि हसता हसता एखादं लुगडं जास्तच घेऊन जायच्या.

पुढे दुकानाचे शेटजी थकले. दिवसभर बसणं त्यांना होईना. त्यांनी सगळ्यांसमोर भिवराला बोलावलं आणि सांगितलं की आजपासून दुकानाची देखरेख तुझ्याकडे. भिवराच्या सात पिढ्यांत कुणी कुणावर देखरेख केलेली नव्हती. तिच्या घरची शेळीसुद्धा तिचं ऐकत नसे. आनंदाने तिचे पाय जमिनीवर ठरेनात, आणि ते ठरू नयेत अशी सोयही शेटजींनी केली. मागच्या भिंतीला टेकून त्यांनी तिच्यासाठी सागवानी माची करवून घेतली. चांगली पुरुषभर उंच, चढायला पायऱ्या आणि बसायला वर तांबडी गादी.

भिवरा रोज सकाळी मागच्या दाराने यायची. मालाच्या गाड्या तिथेच लागत, त्या उतरवून घेतल्या की ती थेट माचीवर चढायची. तिथून दुकानाचा कोपरान्‌कोपरा दिसे. कुणाची घडी वाकडी बसली, कोण जांभई देतोय, कुणी मापाचा गज तिरका धरलाय, काही सुटत नसे. भिवरा, म्हणजे आता सगळ्यांची अक्का, खाष्ट मुळीच नव्हती. चूक दिसली तर गोड शब्दांत सांगायची, काम चांगलं झालं तर तोंडभरून कौतुक करायची. खाली सगळ्यांची तोंडं आपल्याकडे वळलेली पाहून तिला वाटायचं, माणसं किती लक्ष देऊन काम करतात. आणि खरंच करत होती. घड्या तर अशा बसू लागल्या की मोडायचं धाडस होऊ नये.

पण गिऱ्हाईक कमी होऊ लागलं.

भिवराने विचार केला की अजून कुठेतरी कसर राहतेय. तिने घड्यांकडे आणखी बारीक लक्ष घातलं. गिऱ्हाईक आणखी कमी झालं. मग तिने फळ्या दिवसातून दोनदा पुसायला लावल्या. आता दुकानात माशीसुद्धा बसेना, कारण माशीलाही बसायला काहीतरी सांडलेलं लागतं.

एक दिवस शेटजी काठी टेकत आले. रिकामी बैठक पाहून त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "भिवरे, दसरा तोंडावर आलाय. दसऱ्यालाही दुकान असंच राहिलं, तर या माचीवर मला दुसरं कुणी बसवावं लागेल. मला ते आवडणार नाही, पण करावं लागेल."

शेटजी गेल्यावर भिवराने तांबड्या गादीवरून हळूच हात फिरवला. तिला रडू आलं. ही जागा गेली तर गावात तोंड कसं दाखवायचं, हे एक होतंच. पण आईला काय सांगायचं, ही खरी टोचणी होती. लेक उंच बसते हे आईने नदीपलीकडच्या अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं.

अशा गोष्टींत अडल्यावेळी एखादा बोलणारा पोपट येतो. आमच्या गोष्टीत पोपट नाही. भिवराची आई आहे, आणि बोलण्याच्या बाबतीत ती एकटी पुरेशी आहे.

त्याच दिवशी दिवेलागणीला आई भिवराच्या घरी येऊन टेकली. देवीची ओटी भरायला खण हवा म्हणून ती नदी ओलांडून आली होती. पण पिशवीत खण नव्हता. भिवराने विचारलं, दुकानात का नाही आलीस?

"आले हुते की," आई भाकरी मोडत म्हणाली. "दारात लई येळ हुबी हुते. तुमच्या दुकानातल्या समद्यांच्या पाठी बघितल्या. झ्याक हायेत पाठी. त्या मिशीवाल्यानं पदर घेतला हुता खांद्यावर, त्यो बी मागनंच दिसला. मग आले निघून."

भिवराला आधी रागच आला. ती म्हणाली, मला हाक मारायचीस. आईने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि शांतपणे सांगितलं, "तू वरनं त्याची घडी बघत हुतीस बाये. माझ्याकडं कुठं बघत हुतीस?"

भिवराने हातातली भाकरी ताटात ठेवली आणि म्हणाली, उद्या सकाळी माझ्याबरोबर चल.

सकाळी ती मागच्या दाराने गेली नाही. आईचा हात धरून ती पुढच्या दाराशी आली आणि जिथे गिऱ्हाईक चपला काढतं तिथे उभी राहिली. माची मिळाल्यापासून ती इथे कधी उभीच राहिली नव्हती. समोर तिला काय दिसलं? हरबाची पाठ. त्याच्या शेजारी धोतरं मोजणाऱ्याची पाठ. पलीकडे खण लावणाऱ्या बाईचा अंबाडा. सगळे मागच्या भिंतीकडे तोंड करून मान मोडून कामाला लागले होते, आणि त्यांच्या पुढे उंच माचीवर होती नुसती तांबडी गादी. तिच्यावर कुणीच नव्हतं.

आई खाकरली. हरबा मागे न बघता म्हणाला, "जरा दम धरा. अक्का यायच्या आत एवढी घडी नीट होऊ द्या."

भिवराला हसू फुटलं. आधी तिने दाबून पाहिलं, पण ते दाबलं जाईना. ती पोट धरून हसली, आई हसली, आणि हसण्याचा आवाज ऐकून सगळे गर्रकन वळले. अक्काला दारात पाहून हरबाच्या हातातली घडी पार विस्कटली. पण दारातून पाहताना भिवराला पहिल्यांदाच त्यांची तोंडं दिसली. घाबरलेली होती, तरी किती छान होती.

"अगदी असेच बसा," ती म्हणाली. "हलू नका. मीच इकडे येते."

तिने सुताराला बोलावलं. माचीचे पाय कापून ती गुडघ्याएवढी केली आणि दाराशी मांडली, म्हाताऱ्या माणसांना चपला काढायला टेकता यावं म्हणून. स्वतः भिवरा कधी गिऱ्हाइकांत बसे, कधी उभी राही. माणसांची सवय काही सुटली नाही. सगळी पूर्वीसारखीच अक्काकडे तोंड करून काम करत राहिली. फक्त अक्का आता दाराशी होती, आणि मध्ये गिऱ्हाईक होतं.

पहिला खण आईने घेतला. तिने नदीपलीकडे जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण दसऱ्याला दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. हरबाने इतके पदर खांद्यावर घेतले की त्याचं पागोटं कुठल्याशा ढिगाखाली गडप झालं. गुळाची ढेप दुपारपर्यंत संपली आणि घडी तर एकही धड नव्हती.

गर्दीतून वाट काढत शेटजी आले. त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं तर माची नाही. ते घाबरून भिवराला शोधू लागले. ती दाराशी सापडली. एक बाई खण निवडत होती आणि तिचं लेकरू भिवराच्या कडेवर होतं.

"अगं, माची कुठाय?" शेटजींनी विचारलं.

भिवराने बोट दाखवलं. माचीवर तिची आई तांबड्या गादीवर मांडी घालून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की इथली देखरेख माझी लेक करते.

शेटजींनी एकवार सगळ्या हसऱ्या तोंडांकडे पाहिलं. मग ते आईला म्हणाले, "थोडं सरका, मलाही टेकू द्या." ते बसले, आणि भिवराची जागा कायम झाली, जरी ती जागा नेमकी कुठे हे पुढे कुणालाच सांगता आलं नाही.

तात्पर्य: माणसं देखरेख करणाऱ्याकडे तोंड करून काम करतात, म्हणून ज्यांच्यासाठी काम चाललं आहे, त्यांच्याच बाजूला देखरेख करणाऱ्याने उभं राहावं.