भीती कुणाच्या वाट्याला

सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे सडक संपते आणि जंगल सुरू होते, अशा एका गावात यशोधर नावाचा दिग्दर्शक भयपट काढायला आला. सिनेमाची गोष्ट जुन्या काळातली होती. खालच्या मुलखातली काही कुटुंबे जंगलाच्या कडेला शेती करायला येतात, आणि झाडीतून कोणीतरी येऊन त्यांतल्या एकेकाला उचलून नेते. उचलून नेणारे कोण, तर जंगलात राहणारी माणसे. यशोधरला यात काही वावगे वाटले नाही. लहानपणापासून त्याने असेच सिनेमे पाहिले होते.

जंगलातली माणसे हवीत म्हणून त्याने वरच्या पाड्यावरून काही जणांना आणले. त्यांत ठुमलीबाई होती. बाई उंच, आवाज खणखणीत. तिच्या तोंडाला काजळी फासली, केस मोकळे सोडले आणि ओरडत कॅमेऱ्याच्या अंगावर धावायला सांगितले. ओरडायचे शब्द यशोधरनेच जुळवले होते. त्यांना अर्थ नव्हता. ठुमलीबाईने ते हसत हसत म्हटले. लोकांना दचकवताना तिलाही मजा आली.

झालेले चित्रण यशोधरने एका संध्याकाळी गावच्या शाळेत पडद्यावर दाखवले. गाव चांगलेच घाबरले. यशोधर खूश झाला.

त्याच आठवड्यात बाजार भरला. ठुमलीबाई नेहमीसारखी चारोळी विकायला बसली. तिला पाहताच एक लहान मुलगी किंचाळून आईच्या पदरात शिरली. आई कित्येक वर्षे ठुमलीबाईकडूनच चारोळी घेत होती. तो नुसता सिनेमा आहे, असे तिने मुलीला समजावले खरे, पण ती स्वतः चारोळी घ्यायला थांबली नाही. मग इतर बायकाही जरा लांबून जाऊ लागल्या. ठुमलीबाई भरली टोपली घेऊन डोंगर चढली. चहाच्या टपरीवरून यशोधर हे पाहत होता. त्याचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पाड्यावर गेला. आपले चुकले, असे म्हणाला आणि तिला नवी भूमिका देऊ केली. ठुमलीबाई आता वनदेवी होणार होती. शेवटी प्रकट होऊन सगळ्यांना वाचवणार होती.

ठुमलीबाई मोहाची फुले निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आधी राक्षसीण केलीत, आता देवी करता. बाई कधी करणार?"

मग काय दाखवू, असे यशोधरने तिलाच विचारले. तेव्हा तिने आपल्या आजीची हकिगत सांगितली. खालून पहिल्यांदा कुऱ्हाडींचा आवाज आला, तेव्हा आजी लेकराच्या तोंडावर हात दाबून करवंदीच्या जाळीत बसून राहिली होती. आवाज जवळ येत होता. कोण येतेय, ते तिला ठाऊक नव्हते.

"तुमच्या सिनेमात तुमचेच लोक घाबरतात, साहेब," ठुमलीबाई म्हणाली. "आम्ही नुसते घाबरवतो."

यशोधर खाली आला आणि जंगलातली माणसेही घाबरलेली दाखवायची, असे त्याने निर्मात्याला सांगितले. निर्मात्याला हे पटेना. भूतच घाबरायला लागले तर सिनेमा बघायला कोण येणार, असे त्याचे म्हणणे. आहे तसा पुरा कर, नाहीतर मी निघालो, असे त्याने बजावले. यशोधरचे आधीचे सिनेमे पडले होते. पुन्हा कोणी विचारील, याची खात्री नव्हती. तरी त्याने निर्मात्याला जाऊ दिले.

निर्मात्याबरोबर नावाजलेला नट गेला, मोठमोठे दिवे गेले. उरलेल्या मंडळींना घेऊन यशोधरने भर उन्हात भयपट काढला. आता माणसे दोन्हीकडची नाहीशी होत होती. कोण नेते, हे कोणालाच कळत नव्हते, आणि दोन्हीकडचे एकमेकांच्या चुलींचा धूर पाहून थरकापत होते. ठुमलीबाई आई झाली होती. ती आपल्या बोलीत बोलली.

शहरात सिनेमा बेताचाच चालला. पुरेसा भीतिदायक नाही, असेही काहींनी लिहिले. मग यशोधरने तो गावात आणला.

पडद्यावर ठुमलीबाई लेकराला पोटाशी धरून जाळीत बसली होती. हरवलेल्या मुलाला शोधत कुऱ्हाडीवाले जवळ येत होते. शाळेच्या सतरंजीवर बसलेली मंडळी त्याच कुऱ्हाडीवाल्यांची नातवंडे-पतवंडे होती. यशोधर मागे भिंतीला टेकून उभा होता. कोणीच ओरडले नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूने दबका आवाज आला, "लप गं बाई, लप."

तात्पर्य: ज्याची भीती आपल्याला दिसते, त्यालाच आपण माणूस मानतो; म्हणून गोष्ट सांगणाऱ्याने परक्याला राक्षस किंवा देव करण्याआधी त्याच्या शेजारी बसून पाहावे.