आईच्या ओंडक्यातल्या मधमाश्या

दूर देशी, माया नावाच्या लोकांच्या हिरव्यागार रानात, झावळ्यांच्या झोपडीत निक्ते नावाची एक मुलगी आणि तिचे बाबा राहत. घरात मका जेमतेम. आई देवाघरी गेली तेव्हा तिच्यामागे एकच ठेवा उरला: अंगणातला पोकळ ओंडका आणि त्यात गुणगुणणाऱ्या, नांगी नसलेल्या सोनुल्या मधमाश्या.

मध काढायचा, तर आधी पांढऱ्या मक्याची पेज ठेवून माश्यांना विचारायचं. चुकून एखादी चिरडलीच, तर पानात गुंडाळून मातीत निजवायची. आई तसंच करायची.

एका दुपारी निक्तेला भूक आवरेना. पेज न ठेवताच तिने ओंडक्याचं झाकण ओढलं. बोटभर मध मिळाला, पण काही इवल्या माश्या चिरडल्या. तिने त्या घाईघाईने चुलीच्या राखेत लोटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंडका मुका झाला होता; माश्या निघून गेल्या होत्या.

"माझाच धक्का लागला असणार," बाबा म्हणाले. "तुझी आई म्हणायचीच, 'तुमचे हात आहेत की कुदळी!'" ते हसायला गेले, पण हसू आलं नाही.

निक्तेची मान वर होईना. ती रानफुलांत जाऊन लपली. तेवढ्यात एका पिवळ्याधमक फुलातून बोटाएवढी परी बाहेर आली. झगा मधाच्या रंगाचा, पंखांवर दवाची चमचम.

"मी माश्यांची मालकीण. एक इच्छा माग, बाळ. पण जे झाकून ठेवशील, त्याच्यापर्यंत माझा उजेड पोहोचत नाही."

"आई परत येईल?"

"ते माझ्या हातात नाही गं."

"मग मी काय केलं, ते कुणालाच कळू नये."

"तेवढं देता येईल. पण मग माश्यांना तुझं घर सापडायचं नाही. आणि बाबा स्वतःच्या हातांना बोल लावत राहतील."

निक्तेने ओंजळीत तोंड लपवलं. "नको, नको! माश्या परत येऊ देत."

ती घरी आली. राखेतून एकेक माशी हळूच वेचली, पानात गुंडाळली आणि अंगणात छोटासा खड्डा खणला.

"बाबा, हात तुमचे नव्हते. माझे होते."

बाबा तिच्याशेजारी बसले. त्यांनी खड्डा आणखी खोल केला. "एवढ्याशा खड्ड्यात मुंग्या लागतील," ते म्हणाले.

निक्तेने आपल्या वाटणीची पेज ओंडक्यापुढे ठेवली. पोटात कावळे ओरडत होते, तरी बोटही बुडवलं नाही.

अंगण सोनेरी झालं. पेजेवर परी क्षणभर तरंगली, मग तिचा उजेडच उजेड झाला. त्याचे कण कण झाले आणि एकेक कण गुणगुणत ओंडक्यात शिरू लागला.

बाबांनी ओंडक्याला कान लावला. "ऐक."

निक्तेने मान वर केली.