बिल्कीसचं मागणं

पाय घेतले का पांघरुणात? मग ऐका. पार पश्चिमेच्या समुद्रात एक बेट होतं. इतकं लहान, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाचा माणूस दुवा द्यायचा. तिथं बिल्कीस नावाची मुलगी राहायची. आई नव्हती. बाबा होता दाऊद, तो एकटाच होडी घेऊन मासे धरायला जायचा. घरात माणसं दोनच.

त्या बेटाची एक रीत होती, बरं का. होड्या समुद्रात असल्या, की असरच्या नमाजानंतर, म्हणजे ऊन उतरायला लागलं की, सगळ्या बायका किनाऱ्यावर जमायच्या. मक्केकडे, म्हणजे समुद्राकडेच, तोंड करून हात पसरायच्या आणि दुवा मागायच्या. मनातल्या मनात नाही हं. लाटांच्या वर आवाज गेला पाहिजे, इतक्या मोठ्यानं.

एकदा तीन होड्या गेल्या आणि वादळ झालं. मग काही दिवसांनी एक होडी परतली. मग दुसरी परतली. ज्यांची माणसं आली त्या बायका चुली पेटवायला घरी गेल्या. तिसरी दाऊदची. ती काही आली नाही. मग किनाऱ्यावर बिल्कीस एकटीच मागू लागली. एकटीचा आवाज फार लहान वाटतो, पोरांनो. घरी जाऊन ती दोघांचा भात शिजवायची, बाबाची ताटली मांडायची आणि मग ती तशीच उचलून ठेवायची.

शेजारची हुरमतचाची तिला कालवण आणून द्यायची आणि म्हणायची, अल्लामियाँची मर्जी बाळ, ती काही बदलत नसते. चाची मायेनंच म्हणायची. पण बिल्कीसच्या मनात ते रुतून बसलं. तिनं ठरवलं, मर्जी बदला असं अल्लामियाँला सांगणारं कुणीतरी शोधायचं.

मग ती भरतीकडे गेली. म्हणाली, तू तर रोज बदलतेस, तुझं ऐकतील. भरती म्हणाली, मी माझ्या मनानं एक वीतभरसुद्धा पुढे आलेली नाही. हुकूम झाला की येते, हुकूम झाला की जाते. आणि ती निघून गेली.

मग दुपारच्या आभाळात फिकट चंद्र दिसला. बिल्कीसनं त्याला विचारलं. चंद्र म्हणाला, मी तरी कुठं बदलतो? मी अख्खाच असतो, तुम्हाला दिसतो तेवढा दिसतो. मग मला घडवणारा कसा बदलेल? आणि तो ढगाआड गेला.

त्या दिवशी बिल्कीसनं नमाज पढली, पण हात पसरले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. जे ठरलंय ते ठरलंय, मग मागायचं कशाला? घर आणखीनच गप्प झालं.

तिसऱ्या दिवशी धुकं आलं. स्वतःचा हात दिसेना. किनाऱ्यावर एक हजार वर्षांची कासवीण अंड्यांसाठी वाळू उकरत होती. तिनं विचारलं, दोन दिवस तुझा आवाज नाही तो? बिल्कीसनं सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, माझा बाबा परत येणार असं लिहिलंय का?

"ते मला ठाऊक नाही," कासवीण म्हणाली. "ते ज्यानं लिहिलं त्यालाच ठाऊक. लिहून कलम उचलल्याला आणि शाई वाळल्याला मात्र युगं झाली."

"मग मी मागून काय उपयोग?"

कासविणीनं आणखी वाळू मागे लोटली. मग म्हणाली, "सगळं लिहिलंय म्हणतेस ना पोरी? मग तुझं मागणं तेवढं लिहायचं राहिलं असेल का?"

बिल्कीस उठली. तिनं हात पसरले.  ती मोठ्यानं मागू लागली, आणि मग थांबलीच नाही. या अल्लाह, माझ्या बाबाला घरी आण. घसा बसला तरी मागत राहिली.

आणि धुक्यात, खडकांच्या पलीकडे, एक होडी होती. शीड फाटलेलं, त्याला सदऱ्याचं ठिगळ. जमीन कुठं आणि खडक कुठं, काही कळत नव्हतं. दाऊदनं कान दिला. मग आवाजाच्या रोखानं सुकाणू वळवलं.

तो गुडघाभर पाण्यातून चालत आला तेव्हा बिल्कीस धावत पाण्यात गेली. तिनं त्याचा हात घट्ट धरला. जेवताना त्यानं सांगितलं, वादळानं एका ओसाड बेटावर नेऊन टाकलं होतं, शीड शिवायलाच इतके दिवस गेले. मग बिल्कीसनं बसक्या आवाजात विचारलं, "आणि मी आज मागितलं नसतं तर, बाबा?"

दाऊद म्हणाला, "ते मला सांगता येणार नाही बेटा. तू मागितलंस, एवढं मी ऐकलं."

मग दोघं सुखानं राहिली. पण एक झालं, बरं का. पुढे कुणाचीही होडी यायची राहिली, की त्या घरच्या बाईशेजारी बिल्कीस जाऊन उभी राहायची. तिचं स्वतःचं कुणी समुद्रात नसलं तरीसुद्धा.

चला, मिटा डोळे. ज्याला जे मागायचंय ते मागून घ्या, आणि झोपा आता.