वरणात पडलेली आमटी

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंसमोर जेवायला बसली होती, आणि तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

गुरू म्हणजे मेंदूतल्या गाठींचा उगम शोधण्यात उभं आयुष्य घालवलेले संशोधक. शिष्येचं नाव शर्वाणी. साऱ्या प्रयोगशाळेत तिच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं. अशी माणसं जगावर संशय घेण्याआधी स्वतःच्या हातांवर घेतात. गुण मोठाच, पण त्या दिवशी हाच गुण तिच्या डोळ्यांवर झापडं बांधून बसला होता.

घडलं होतं असं. भुसार मालाचे एक व्यापारी मेंदूतल्या गाठीने वारले. गाठ कपाळामागे होती. त्यांच्या पत्नी इंदुताईंनी त्यांचा मेंदू संशोधनासाठी दिला आणि देताना शर्वाणीला एक गोष्ट विचारली. दिवाळीच्या तोंडावर त्यांनीच नवऱ्याला माळ्यावरची पितळी भांडी काढायला शिडीवर चढवलं होतं. पाय सटकला, कपाळ आपटलं, आणि काही महिन्यांनी गाठ निघाली ती नेमकी तिथेच. "हे माझ्यामुळे सुरू झालं का, तेवढं बघून सांग बाई," त्या म्हणाल्या होत्या. गाठ निघाली त्या दिवसापासून त्या माळ्याखालून जातानासुद्धा मान वर करत नसत.

शर्वाणीने दोन नमुने तपासले. एक गाठीतला. दुसरा तुलनेसाठी, गाठीपासून दूर, मेंदूच्या आत खोल जी द्रवाने भरलेली पोकळी असते तिच्या भिंतीलगतचा. तिथे मूलपेशींची वस्ती असते; नव्या पेशींना जन्म देण्याचं सामर्थ्य त्यांच्यात असतं. हा नमुना दिसायला अगदी निरोगी होता. पण सकाळी अहवाल उघडला, तर गाठीतला एक जनुकीय बिघाड पहिल्याच ओळीत हजर! गाठीचा अंश आपल्याच हातून चांगल्या नमुन्यात मिसळला, असं तिने ठरवूनही टाकलं. असा नमुना बाद करायचा, हा तिथला दंडक. पुढच्या ओळी तिने वाचल्याच नाहीत. उरलेला तुकडा जेवण झाल्यावर फेकायचा म्हणून तिने शीतपेटीत वेगळा काढून ठेवला. तो गेला की इंदुताईंच्या प्रश्नाचं उत्तरही गेलं, हे तिला कळत होतं, आणि म्हणून घास उतरत नव्हता.

गुरूंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी आपल्या वाटीतली चमचाभर आमटी तिच्या साध्या वरणात ओतली. शर्वाणी बघतच राहिली. सरांना वयाने गाठलं की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"चाखून बघ," ते म्हणाले. "काय काय आलं त्यात?"

"सगळंच, सर. चिंच, गूळ, गोडा मसाला, तिखट."

"सांडतं तेव्हा सगळंच सांडतं, शर्वाणी. चिंच मागे राहिली आणि मसाला तेवढा आला, असं होत नाही. पण एखाद्या वाटीत नुसती हळद आणि मीठ असलं, तर तिथे आमटी सांडलेली नसते. ते आमटी होण्याआधीचं वरण असतं. तुझ्या नमुन्यात गाठीतलं सगळं आलंय, की नुसती हळद?"

शर्वाणी ताडकन उठली. आधी हात धू, असं गुरूंना मागून सांगावं लागलं.

तिने अहवाल पुन्हा उघडला. पहिला बिघाड होता. दुसरा नव्हता. तिसरा शोधला, तोही नव्हता. गाठीत बिघाडांची रांग लागलेली, आणि इथे फक्त पहिला! हे सांडणं नव्हतंच, ही तर सुरुवात होती. तरी तिने स्वतःच्या आनंदावरही संशय घेतला. उरलेला तुकडा एका सहकाऱ्याकडून, निराळ्या टेबलावर, कोऱ्या साहित्याने तपासून घेतला. उत्तर तेच आलं, तेव्हा साऱ्या प्रयोगशाळेत आनंदीआनंद झाला.

संध्याकाळी गुरूंनी तिला समोर बसवलं.

"वाढ आणि थांब, हे दोन निरोप पेशीत जनुकांच्या साखळ्यांमधून पोचतात," ते म्हणाले. "इथे एका मूलपेशीत एक कडी निखळली. पेशी दिसायला धडधाकटच राहिली, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. तिची संतती वर्षानुवर्षं सरकत सरकत कपाळामागे गेली. तिथे आणखी कड्या तुटल्या, थांबायचा निरोप पोचेनासा झाला आणि गाठ उभी राहिली. एका मेंदूवरून सगळ्या गाठींचं सांगू नये. पण या एका माणसाचं आता सांगता येईल."

मग ते म्हणाले, "डाग दिसला की पुसायची घाई आपल्याला फार. तो आधी पूर्ण वाचावा."

शर्वाणी दुसऱ्याच दिवशी इंदुताईंकडे गेली. सुरुवात कपाळापाशी झालीच नव्हती, तिने सांगितलं. ती आत खोल झाली, आणि ते शिडीवर चढले त्याच्या पुष्कळ आधी झाली. इंदुताईंनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्या पदर तोंडाशी धरून खूप रडल्या, आणि शर्वाणीही रडली.

चहा झाल्यावर इंदुताई उठल्या, मागच्या खोलीतून शिडी घेऊन आल्या आणि माळ्याला लावली. मग मान वर करून त्यांनी माळ्याकडे नीट पाहिलं.

"भांडी तशीच राहिलीत वर," त्या म्हणाल्या. "तू चढतेस का? मी धरते."